चुलीचा तिसरा दगड

घर सोडताना मी रडलो नाही. रडायला थांबावं लागतं, आणि आमच्या वाड्याला थांबणं ठाऊक नव्हतं. धनगरांचा वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. दोनशे मेंढरं, घोड्यावर लादलेला संसार आणि पुढं चालणारा बा. सांगोल्याच्या माळावर वाडा मावळतीला कोकणाकडं वळला, मी उगवतीला, सोलापूरच्या गिरणीकडं. बा एवढंच म्हणाला, "चालणं सोडलंस की तू आमचा न्हाईस." मग ना त्यानं मागं बघितलं, ना मी. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगत आलो.

गिरणीत दोन मागांमध्ये दिवसभर येरझाऱ्या. तीन वर्षांत त्या फेऱ्यांमध्ये मी काशीला जाऊन बुडी मारून परत आलो असेन. फक्त अंग भिजलं ते घामानं. पाय वळवळायचेच. जेवायच्या सुट्टीत लोक आडवे व्हायचे, मी आवाराला प्रदक्षिणा घालायचो.

तेव्हा पायी जग फिरायला निघालेला एक गोरा सोलापुरातून गेला. लोकांनी त्याला मानेपर्यंत हार घातले. शेजारच्या मागावरचा नरसय्या, आमचा तेलुगू विणकर, आठवडाभर त्याचेच गोडवे गात होता. मी म्हटलं, माझा बा दरसाल मेंढरं, कोंबड्या आणि माझी आत्या घेऊन कोकणात जाऊन येतो. साहेबानं नुसती आत्या घेऊन शेजारची होटगी गाठून दाखवावी. सगळे हसले. नरसय्या दोरा जोडत म्हणाला, "बा चालतो की. तू कुटं चालतोस?"

ते लागलं. त्यात दिवाळीनंतर गावाकडचा माणूस बाचा निरोप घेऊन आला: घाट उतरायच्या आत आलास तर ठीक, नाहीतर तुझ्या वाट्याची मेंढरं धाकट्या भावाला. मेंढरांचं मला फार नव्हतं. पण वाटा गेला की वाड्यातलं नावच गेलं. मुकादमाकडून रजा काढली आणि निघालो.

सोलापूर ते घाट मी तीन दिवसांत चाललो, असं सांगतो. खरे आठ लागले. वाहणा मंगळवेढ्याला गेल्या, टाचा त्याच्या पुढं. सांगोल्याच्या माळावर पोचलो तर वाडा कधीच हललेला. राख, लेंड्या आणि चूल. चुलीचे दोन दगड जागेवर, तिसरा बाहेर काढून मावळतीला ठेवलेला.

ही बाची रीत. वाड्यातलं कुणी मागं राहिलं की तळ हलवताना तो तिसरा दगड पुढच्या वाटेच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे मागचा चुकत नाही. मनात आलं, यंदा कोण राहिलं मागं? आत्या असेल, तिचे गुडघे गेलेत. पुढच्या तळावर तसाच दगड. त्याच्या पुढंही. दगड बघत मी कराड ओलांडलं. वाटेत आत्या कुठं दिसेना, भेटेल त्याला विचारत गेलो.

घाटमाथ्यावर वाडा सापडला. आत्या ठणठणीत, शिव्या देत कोंबड्या डालत होती. धाकटा होता, कुत्रं होतं, एक कोकरूही कमी नव्हतं.

"मागं कोण राहिलंय?" मी विचारलं.

बानं माझ्या पायांकडं बघितलं. "तू की."

"तीन वर्सं?"

"मग? मागं राहिलेल्याला वाट नको का दाखवाय?"

मेंढरं मी आपण होऊन धाकट्याला दिली. परत आगगाडीनं आलो. नरसय्याला कुणी सांगू नका.

आता भवानी पेठेत खोली आहे. चूल मातीची, पक्की, हलायचं नाव नाही. तिच्या शेजारी मी एक सुटा दगड ठेवलाय, मावळतीच्या अंगाला. बायको सारवताना तो उचलून दाराबाहेर टाकते. म्हणते, "हितं ऱ्हायचं हाय की न्हाय तुमास्नी?" ती पाण्याला गेली की मी दगड आत आणतो. सोलापुरात इतकी वर्षं काढली, पण घर कुठं असं कुणी विचारलं की अजून मला तो दगडच दिसतो.

यंदा बा नाही. वाडा धाकटा नेतोय. त्याला निरोप धाडलाय: तळ हलवताना दगड ठेवत जा रे. मी अजून वाटेतच आहे.