चाचांचं नाक

सोलापुरात गाड्या दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतील, पण गाडीत बसून नुसतं हुंगून तिचं दुखणं सांगणारा माणूस सगळ्या शहरात एकच, आणि त्याचं घर नि गॅरेज आमच्या भिंतीला भिंत लागून आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. गाडीत धुराचा वास येतोय म्हणून कुणी आलं की चाचा आधी साबणानं हात धुवायचे, मग तोंड, मग आत बसून काचा वर करायचे आणि डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात शिंकलेलंही त्यांना चालायचं नाही. "कच्च्या पेट्रोलचा वास येगळा, जळक्या ऑइलचा येगळा, फुटक्या सायलेन्सरचा येगळा," असं म्हणत बाहेर यायचे आणि बोट ठेवायचे तिथंच भोक निघायचं. आरशाला सुगंधाची बाटली टांगलेली दिसली तर ती उपटून मालकाच्या हातात द्यायचे. "चोराला पांघरूण घालू नका, बाबा. धूर अत्तर लावल्यानं जात न्हाय, माणूस जातो."

नाकाला मात्र फार जपायचे. काम संपेपर्यंत चहा नाही. नवी पेठेतून जायचं झालं तर अत्तराचं दुकान यायच्या आधीच नाकावर रुमाल. चाचीनं कांदा तळायचा तो ते कामाला बसायच्या आत किंवा उठल्यावर. चाची मला म्हणायची, "लोकांच्या घरात सवत येती, माझ्या घरात नाक आलंय." मी जेऊरहून लग्न होऊन आले तेव्हा परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "बेटी, डाळ लागली!" मी गॅस बंद केला आणि उत्तर म्हणून पळी पातेल्यावर वाजवली. पुढं कित्येक वर्षं आमचं बोलणं एवढंच. ते डाळ सांगायचे, मी पळी वाजवायची.

साथीच्या आजारात चाचा पंधरा दिवस तापानं पडून होते. बरे झाले, पुन्हा हात धुऊन गाड्यांत बसू लागले. मग एकदा माझी डाळ चांगली काळी होईपर्यंत करपली. चाचा भिंतीपलीकडेच पाना घेऊन बसले होते. हाक आली नाही. कामात असतील, असं मी मनाला सांगितलं.

आमचे हे व्हॅनमधून अक्कलकोटला प्रवासी नेतात. त्याच सुमाराला त्यांचं डोकं रोज दुखायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले. व्हॅन चाचांकडे नेली. मी भाकरीची ताटली द्यायला गेले होते, दाराशीच उभी राहिले. व्हॅनचं दार उघडं होतं, इंजिन चालू होतं, आणि आतून धुराचा भपका सरळ माझ्या अंगावर आला. चाचा आत डोळे मिटून बसले होते. उतरले आणि म्हणाले, "साफ हाय गाडी. उन्हाचं डोकं दुखतंय तुझं." चारचौघांत चाचांना खोटं कसं पाडायचं? मी ताटली ठेवून परत आले. दुसऱ्या दिवशी हे फेरी अर्धी टाकून आले आणि उंबऱ्यातच ओकले.

यांना झोपवलं आणि पदर डोक्यावर घेऊन मी गॅरेजात गेले. चाचा एकटेच होते. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "चाचा, माझी डाळ करपली होती. तुम्ही बोलला नाही."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "कायच येत न्हाय, बेटी. तापानंतर कायच न्हाय. चाचीला बी सांगितलं न्हाय. मला वाटलं, येईल उद्या."

"यांना उलटी झाली," मी म्हणाले.

चाचा ताडकन उठले. "बस गाडीत. मागं बस. आज तुझं नाक."

दारात उभ्या व्हॅनमध्ये मी मागं बसले. चाचांनी हात धुतले, सवयच ती. मग इंजिन सुरू केलं आणि व्हॅन हळूहळू गल्लीतून फिरवली. "वास कसला?" "जळका." "डोक्यावरनं का पायाकडनं?" "मागून, पायाकडून." "काच खाली घे. आता?" "चाचा, वाढला!" काच उघडल्यावर वास कमी व्हायचा सोडून वाढला, तेव्हा ते हसले. "हौ! म्हणजे गाडी मागचा धूर आत ओढती." परत येऊन त्यांनी मागच्या दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावलं. पट्टी घट्ट अडकायला हवी, ती अलगद निघून आली. दाराचं रबर मेलं होतं. मग इंजिन गार झाल्यावर ते पुन्हा सुरू करून त्यांनी सायलेन्सरच्या सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं, तर तिथंही बुडबुडे. संध्याकाळपर्यंत नवं रबर बसलं, सांधाही बंद झाला. चाचा स्वतः यांच्याकडे आले आणि म्हणाले, "काल मी चुकलो, बाबा. तुझ्या बायकोनं धरलं." यांचं डोकं परत दुखलं नाही.

आता वासाची गाडी आली की चाचा पान्यानं भिंत ठोकतात. गिऱ्हाइकाला सांगतात, "थांबा जरा, नाक भाकऱ्या थापतंय." मी पीठ झटकून जाते, मागच्या सीटवर बसते, आणि जे येतं ते सांगते. बाकी सगळं तेच ओळखतात. मला बोलायची सवय लागली ती अशी.

यंदा ईदला चाचीनं शीरखुर्मा दिला. चाचा वाटी हातात धरून तसेच बसून होते. चाची आत गेल्यावर म्हणाले, "सांग की."

मी वाटीवर वाकले. "तूप आहे. खजूर आहे. वेलदोडा." मग थांबले.

"खरं सांग."

"दूध खाली जरा लागलंय, चाचा."

चाचांचा चेहरा एकदम उजळला. "हौ," ते म्हणाले, "लग्नापासून लागतंय तिचं. म्हंजे तोच हाय." आणि डोळे मिटून त्यांनी पहिला घास घेतला.