बसस्टँडवरचा सराव

आंध्रातल्या मराठी बोलणाऱ्या सीमाभागात राहत होते, त्या वर्षांत मी इचोड्याहून बोथ गावाला बसने नोकरीला जात असे. सकाळी स्टँडवर एक माणूस आपल्या शाळकरी मुलीला घेऊन यायचा. बस येईपर्यंत तो चपला काढून, पायजमा वर खोचून कुचिपुडीची पावलं टाकायचा. टाच, चवडा, टाच. मागोमाग मुलगी तसंच करायची.

चहावाला ओरडायचा, "भाऊ, उद्या घुंगरू बी बांधून या!" सगळे हसायचे, मीही.

एकदा मी विचारलं, "तुमी काऊन नाचता?"

तो ओशाळला. "बाई, नाचाची मास्तरीन रविवारीच येते. मी दारात बसून पायतो. बाकीच्या दिवशी इले कोन सांगन?"

त्यानंतर मी हसले नाही. पण हसणाऱ्यांना गप्पही केलं नाही, याची लाज रोज वाटायची.

मग एका सकाळी मुलगीच रडवेली झाली. "बाबा, इथं नका ना करू. लोकं हासून राह्यले."

त्याचे कान लाल झाले. "बरं, मी नाई करत. पन तू कर. आज सोडलं का पाय इसरते."

मुलगी मान खाली घालून तशीच उभी राहिली. मी बाकावरच्या तीन बायकांना उठवलं आणि मुलीला आडोसा होईल अशा, चहाच्या टपरीकडे तोंड करून ओळीत उभं केलं. मीही त्यांच्यात उभी राहिले. चहावाला काही बोलणार, तेवढ्यात मी डोळे वटारले.

मग मागून टाच आपटल्याचा आवाज आला, आणि बापाचा, "पुना कर."