पत्ता सापडला नाही

जपानी मावशी पत्ता मोठ्यापासून लहानापर्यंत लिहितात. आधी प्रांत, मग शहर, मग शहरातला भाग, मग वस्ती, मग घराचा नंबर आणि सगळ्यात शेवटी माणसाचं नाव. आपण बरोबर उलटं करतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी लगेच म्हणाले होते, "म्हणजे माणूस शेवटी? हा अन्याय आहे." त्या हसल्या. म्हणाल्या, "पोस्टमन वरून खाली येतो. दारात पोचेपर्यंत त्याला माणसाची गरज नसते."

मावशी आमच्या शेजारी राहतात. साउथहॅम्प्टनच्या बाहेरचं हे लहान गाव. त्यांचा नवरा इंग्रज, जहाजावर इंजिनिअर होता, त्याच्याबरोबर त्या इथे आल्या आणि तो गेल्यावर इथेच राहिल्या. आई हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी मावशींनी दारात सोललेल्या सफरचंदांची बशी आणून दिली आणि आईच्या तोंडून आपोआप निघालं, "या ना मावशी." मग ते इंग्रजीत समजावणं माझ्या गळ्यात पडलं.

"मावशी म्हणजे आईची बहीण."

"कुणाच्या आईची?"

"माझ्या."

त्यांनी आईकडे नीट बघितलं. "म्हणजे ही माझी धाकटी बहीण. बरं झालं. मला एक थोरली आहे, धाकटी नव्हती."

ती थोरली बहीण जपानमध्ये, त्यांच्या माहेरच्या घरात एकटी राहत होती. लग्न केलं नाही. ऐकू येईनासं झाल्यापासून फोन घेत नसे. दर डिसेंबरात मावशी तिला नवीन वर्षाचं पत्र पाठवायच्या आणि तिचं यायचं. एवढाच दोघींचा संबंध उरला होता, पण तो कधी चुकला नव्हता.

आता माझं सांगते. मी लीफलेटं लिहिते. शाळा सुटल्यापासून दुसरं फारसं काही शिकले नाही. कुणी केलं, कुणाचं नुकसान झालं, तुम्ही काय करायचं: तीन परिच्छेद, एक फोटो, मोठा टाइप. (आई म्हणते, तुला अजून लीफलेट तो, ती की ते हे ठरवता येत नाही आणि निघालीस सरकार बदलायला.) गेल्या वर्षी आमचा लढा होता बरो कौन्सिलसाठी, म्हणजे इथल्या नगरपालिकेसाठी. सरकारनं ठरवलं की लहान कौन्सिलं मोडायची आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं करायचं. आमच्या कौन्सिलचं ऑफिस हाय स्ट्रीटवर केमिस्टच्या समोर आहे. कचऱ्याची बिन उचलली नाही तर चालत जाऊन भांडता येतं. मी भांडले आहे. उद्या मोठं कौन्सिल झालं की फोनवर संगीत ऐकत बसा.

मावशींच्या दारात पहिलं लीफलेट टाकलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर लीफलेट पालथं पडलं होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीनं नकाशा काढला होता.

"बस. हे माझ्याकडे तीनदा झालं आहे."

खाली समुद्र. हिवाळ्यात बर्फाचे ढग ज्या बाजूनं येतात तो. समुद्राला मिळणारी नदी, तिच्या मुखाशी शहर. शहराच्या मागे भातशेतीचा सपाट पट्टा, मग दोन्हीकडून डोंगर जवळ येत जातात आणि दरी सुरू होते. दरीत नदीच्या काठाकाठानं वस्त्या. सगळ्यात वर, पेन्सिलीचं टोक मोडेल इतक्या जोरात काढलेला एक ठिपका. त्यांची वस्ती.

त्यांच्या आजोबांच्या काळात अशा तीन वस्त्यांचं मिळून एक गाव केलं. नाव काय द्यायचं? खालच्या वस्तीच्या नावातलं एक अक्षर घेतलं, मधल्या वस्तीतलं एक घेतलं, जोडलं, झालं गावाचं नाव. वरच्या वस्तीचं काहीच घेतलं नाही. "दोन अक्षरांत तीन मावत नाहीत," मावशी म्हणाल्या. पण गावाचं कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्यांच्या वडिलांनी दोन्ही मुलींच्या जन्माची नोंद तिथे चालत जाऊन केली होती. मग त्या शाळेत असताना गाव दरीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या गावात विलीन झालं. कार्यालय खाली गेलं, बस लागायला लागली. मग त्या इंग्लंडला आल्यावर बऱ्याच वर्षांनी ते मोठं गावही नदीमुखाच्या शहरात विलीन झालं. कार्यालय समुद्रापाशी गेलं. त्यांनी बोट नदीवरून खाली सरकवलं. "बघ. आमचं कार्यालय दर वेळी वाहून जातं. आम्ही वर तिथेच."

"आणि तुमची वस्ती आता शहरात?"

"हो. आमच्या शहरात आता अस्वलं राहतात."

मी खूप हसले. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात टाइप जुळायला लागला, हे खोटं कशाला बोलू.

जानेवारीच्या शेवटी मावशींचं पत्र परत आलं. मीच दारातून उचलून त्यांना दिलं. त्यांच्याच अक्षरातला लिफाफा, एका बाजूला जपानी शिक्का. थोरलीचं पत्रही त्या वर्षी आलेलं नव्हतं. मावशींनी लिफाफा बराच वेळ हातात धरला.

"काय लिहिलंय?"

"पत्ता," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "पत्ता सापडला नाही."

मी भडकलेच. इतकी वर्षं पोचणारं पत्र आता पोचत नाही, का? तर कुणीतरी ऑफिसात बसून नकाशावरच्या रेघा पुसल्या! गावाचं नाव उडवलं, वस्तीचं उडवलं, आणि दोन म्हाताऱ्या बहिणींमधला एकुलता एक धागा तोडला! मी त्यांच्या स्वयंपाकघरात येरझारा घालत बोलत होते. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या गालांवर जरा रंग आला होता. मला वाटलं, मी त्यांना लढायला बळ देते आहे.

"मी हे लिहू का? नाव नाही घालणार."

"तुला उपयोग होत असेल तर लिही."

लिहिलं. 'एका शेजारणीचं गाव तीनदा विलीन झालं. आता तिची पत्रं बहिणीला पोचत नाहीत. पुढचा नंबर आपला.' फोटोत तो पेन्सिलीचा नकाशा. आमच्या ग्रुपनं आजवर काढलेल्यांत सगळ्यात चांगलं लीफलेट, असं सगळे म्हणाले. आईनं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "त्यांना वाचून दाखवलंस?"

"त्यांनीच परवानगी दिली."

"ते नाही विचारलं मी. प्रत्येक गोष्टीचं लीफलेट होत नाही गं. बहीण आहे कशी, हे कुणी बघितलं का?"

"पत्ताच चुकला आहे, आई. बघणार कसं?"

आईनं चष्मा परत लावला. तिच्या कामात तिनं लोकांना बरंच काही सांगितलेलं आहे. कधी सांगायचं नाही तेही तिला कळतं.

शनिवारी लायब्ररीबाहेर आमचं टेबल होतं. एक उंच म्हातारा लीफलेट घेऊन तिथेच उभा राहून वाचायला लागला. मग म्हणाला, "पोरी, मी जन्मभर पोस्टमन होतो. हे कुणी लिहिलं?"

"मी."

"पोस्टमन काय कौन्सिलच्या नकाशावर चालतो असं वाटतं तुला? अमुक पबच्या मागची ती लाल केसांची बाई, एवढ्यावर पत्र पोचवलं आहे मी. पबसुद्धा पाडलेला होता."

"जपानमध्ये वेगळं असेल."

"असेल. तिथले पोस्टमन गाढव असतील." त्यानं लीफलेट नीट घडी करून मला परत दिलं. ते जास्त लागलं. फाडून टाकलं असतं तर चाललं असतं.

मी घरी आले आणि त्या जपानी शहराच्या कार्यालयाला ईमेल लिहिला. मावशींना विचारलं नाही. तुमच्या विलीनीकरणामुळे जुन्या पत्त्यांवरची पत्रं परत येत आहेत, याला जबाबदार कोण, खुलासा करा. सोबत लीफलेटच्या वेळी काढून ठेवलेला लिफाफ्याचा फोटो, बहिणीचं नाव झाकून. असे ईमेल मी आमच्या कौन्सिलला आठवड्याला एक लिहिते, उत्तर येत नाही, आणि मग मी उत्तर आलं नाही यावर लीफलेट काढते.

इथे उत्तर आलं. साध्या, जपून लिहिलेल्या इंग्रजीत. तुमच्या शेजाऱ्यांना त्रास झाला याबद्दल वाईट वाटतं. विलीन झालेल्या सगळ्या गावांची जुनी आणि नवी नावं आमच्याकडे नोंदवलेली आहेत आणि पोस्टाकडेही आहेत. जुन्या नावानं लिहिलेली पत्रं आजही पोचतात. कुणा एका रहिवाशाबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही, क्षमा असावी. पुढे अजून दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. हे सगळं हात झटकणं आहे, एवढंच डोक्यात होतं. प्रिंट काढला आणि तडक मावशींच्या दारात.

"बघा, खोटं बोलतात! म्हणे पत्रं पोचतात! आणा तो लिफाफा. शिक्क्यावर जे आहे ते शब्दशः सांगा मला, मी त्यांच्या तोंडावर मारते."

मावशींनी माझ्या हातातला कागद घेतला आणि सावकाश वाचला. शेवटपर्यंत. मग खणातून लिफाफा काढला आणि शिक्क्यावर बोट ठेवून एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. या ठिकाणी जाऊन. विचारलं. पण सापडलं नाही.

"कोण सापडलं नाही?" मी विचारलं. आणि विचारता विचारताच कळलं.

"जागा सापडली," त्या म्हणाल्या. "तिथे जाऊन विचारल्याशिवाय हा शिक्का मारत नाहीत."

मी कागद परत घेतला. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: छायाचित्रातल्या पत्त्यावरची, दरीतली सगळ्यात वरची वस्ती आम्हाला ठाऊक आहे. तिथे आता कुणीही राहत नाही, फक्त रस्ता उन्हाळ्यात साफ ठेवला जातो.

मी म्हटलं, सॉरी. दुसरं काय म्हणणार! त्या शब्दाला इथे काही किंमत नाही, बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतात.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "शिक्का मला वाचता येतो, मी तिथलीच आहे. पण तू इतकी चिडलीस. येरझारा घालत होतीस. मला वाटलं, असंच असू दे. कुणीतरी रेघा पुसल्या, म्हणून पत्र पोचलं नाही. ती घरात आहे, वाट बघते आहे, पत्ता तेवढा चुकला. तुझं ते लीफलेट मी रोज वाचत होते."

फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं ते. पुढचा नंबर आपला.

रागावण्यासारखं कुणीच नव्हतं. मी शोधलं. शहर? त्यांनी रस्ता साफ ठेवला होता. पोस्टमन? तो दरी चढून गेला होता, दार वाजवलं होतं. माणसं निघून जातात, म्हाताऱ्या एकट्या राहतात, याला कोण जबाबदार ते मी एरवी तीन परिच्छेदांत सांगते. त्या दिवशी मला एक परिच्छेदसुद्धा आला नाही. त्यांच्याकडे जे थोडंसं उरलं होतं ते मी खुलासा मागून काढून घेतलं, एवढं मात्र स्पष्ट दिसत होतं.

आई ड्यूटीवरून आली, तिला सांगितलं. ती बूटही न काढता स्वयंपाकघरात गेली, मऊ भात लावला, वर तूप-मेतकूट घालून डबा भरला आणि शेजारी गेली. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. मावशींनी दोन घास खाल्ले आणि मग आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या आईपेक्षा कितीतरी मोठ्या. पण त्या वेळी धाकटी कोण ते मला ठरवता आलं नसतं.

मी उरलेली लीफलेटं गोळा केली. वाटलेली परत मागता येत नाहीत. ग्रुपमध्ये सांगितलं की यातली गोष्ट खरी नाही. एक जण म्हणाला, "पण मुद्दा तर खरा आहे ना?" मुद्दा खरा आहे. अजूनही तेच म्हणते मी. आमचं कौन्सिल जाणार हे आता ठरलंच आहे आणि मला त्याचा रागही येतो. पण तो मुद्दा त्या लिफाफ्यावर उभा करायचा नव्हता.

या डिसेंबरात मावशींनी मला बोलावलं. टेबलावर कोरा लिफाफा होता. त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली होती: प्रांत, शहर, भाग, वस्ती, नंबर. तिथे पेन थांबलं होतं. शेवटची ओळ रिकामी.

"माझ्याकडून होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कसं लिहिता? माणूस आधी, ना?"

"हो."

त्यांनी तो लिफाफा बाजूला सारला आणि दुसरा पुढे केला. मी त्यांच्या बहिणीचं नाव देवनागरीत, सगळ्यात वर लिहिलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा उच्चारून मला दुरुस्त करायला लावलं, एक ऱ्हस्व दीर्घ झाला होता. त्याखाली वस्तीचं नाव लिहिलं, ज्याचं एकही अक्षर कुणी घेतलं नव्हतं. मी शहराचं नाव लिहायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पुरे."

आत पत्र होतं. तिकीट त्यांनी लावलं नाही.