निकालाचा पेढा

आमच्या घरात बरीच वर्षं कांदे कमी आणि कांद्याची सालं जास्त होती. गॅलरीत सालं, गच्चीवरच्या पत्र्याखाली सालं, आईच्या शिलाई मशीनवर वर्तमानपत्र पसरून त्यावरही सालं. चुकून कुणी पंखा लावला की ती घरभर उडत आणि पुढचा तासभर आई आमचा उद्धार करत असे. शेजारच्या काकू एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "अहो, मधला कांदाही खाता, की नुसती सालंच?" आई जागची न हलता म्हणाली, "कांदा तुम्ही खा. आमची लेक पीएचडी करते."

लेक म्हणजे मी. लोणी काळभोरच्या पुढे असलेल्या एका फार्मसी कॉलेजात मी संशोधन करत होते. विषय काय, हे लोकांना सांगताना माझी दमछाक व्हायची. झाडांच्या सालींना, पानांना, फुलांना पिवळा-तांबूस रंग देणारी जी द्रव्यं असतात, त्यातल्या एका मोठ्या कुळाला फ्लॅव्होनॉइड्स म्हणतात. ती कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतात का, हे आम्ही काचेसारख्या पारदर्शक प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर तपासत होतो. कांद्याचं वरचं सुकं साल आपण सगळे बिनदिक्कत कचऱ्यात टाकतो, त्यात ही द्रव्यं भरपूर. माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "दुर्मिळ वनौषधी शोधायला हिमालयात जायचं असेल तर दुसरा गाइड बघा. आपल्याला मांजरी गावचा कांदाबाजार जवळ आहे."

मांजरीच्या बाजारातून सालं आणायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं, तेही तपासणी विभागात. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, मापात नसेल तर बाजूला काढायचा, मग समोर साहेब उभा असो की साहेबाचा मेव्हणा. निवृत्तीनंतर मोजायला काहीच उरलं नाही म्हणून ते घरात आईच्या पोळ्यांचा व्यास बघायला लागले होते. माझ्या सालांनी आईची सुटका केली. बाबा सकाळीच बसने मांजरीला जात, कांद्याच्या वखारींपुढे पडलेली सालं पोत्यात भरून आणत आणि गॅलरीत मांडी घालून निवडायला बसत. काळी बुरशी धरलेलं साल दिसलं की म्हणत, "रिजेक्ट." ओलसर साल, "रिजेक्ट." वाळवणं सावलीतच व्हायचं, उन्हात ठेवलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. मी एकदाच सांगितलं होतं, पण बाबांना कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे.

त्या दिवसांतलं हडपसर मला अजून नाकाने आठवतं. गाडीतळावरून लोणीची बस पकडायची, मांडीवर सालांची पिशवी, आणि मांजरीच्या बाजूने वारा आला की खिडकीतून उसाचा ओलसर गोड वास यायचा. कंडक्टर पिशवीकडे बघून विचारायचा, "ताई, भजी कुठं हायत?" आता त्या शेतांच्या जागी उंच इमारती आहेत, खिडकी उघडली की सिमेंटची धूळ येते आणि कंडक्टरला कुणाच्या पिशवीत डोकावायला वेळ नाही. मला ते दिवस फार प्रिय आहेत. घरात सगळी माणसं होती आणि आपल्या हातून काहीतरी मोठं होणार आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून पुण्यात आले. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, ताईत नाही, दृष्ट काढणं नाही. भिंतीवर दोन तसबिरी आणि बाबांचं एकच वाक्य, "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. आपण पडताळायचं, पटलं तर घ्यायचं." कॉलनीत मुळ्या विकणारा एक वैदू यायचा. बाबा त्याला दर वेळी थांबवून प्रश्न विचारायचे. शेवटी तो आमची गल्ली टाळायला लागला.

माझं संशोधन मध्यावर आलं असताना बाबांचा आवाज बसला. आम्ही सर्दी समजलो. मग स्वरयंत्रावर गाठ निघाली आणि ती कर्करोगाची होती. ज्या शब्दाभोवती मी रोज आठ तास काम करायचे, तो शब्द डॉक्टरांच्या तोंडून बाबांच्या बाबतीत ऐकला तेव्हा मला त्याचा अर्थच लागेना. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं आहे, रोज शेक घ्यायचा, काही आठवडे, आणि एकही दिवस चुकवायचा नाही. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, जसं काही गुडघा दुखतोय.

पहिला आठवडा मी बाबांबरोबर गेले. पुढे ते म्हणाले, "मी काय लहान आहे? तुझी लॅब बुडवू नकोस." आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिची रजा संपली होती. तेव्हा बाबा एकटेच बसने जाऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा घसा आतून सोलवटला. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. आई भाताची पेज आणखी पातळ करायची आणि ते ती चमच्या-चमच्याने, रागाने गिळायचे.

नेमक्या त्याच आठवड्यात माझा अर्क चालला. सालांच्या अर्काचे आम्ही अनेक भाग पाडले होते. त्यातल्या एका भागाने प्लेटमधल्या पेशी इतक्या नीट मेल्या की मॅडमसुद्धा दोनदा सूक्ष्मदर्शकातून बघून आल्या. येताना मी गाडीतळावर पेढे घेतले. दार उघडताच चपलाही न काढता मी ओरडले, "बाबा, मेल्या! सगळ्या मेल्या!"

बाबा आरामखुर्चीतून उठून बसले. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांना गिळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो नुसता जिभेला लावला आणि डोळे मिटून माझं सगळं ऐकलं. मी किती वेळ बोलत होते देव जाणे. आमच्या घरात देव नाही, तरी हा शब्द माझ्या तोंडी आहे, बाबा त्यावरूनही टोकायचे. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी टोकलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "हे त्याच सालांतलं ना, मी आणलेल्या?"

"त्याच," मी म्हणाले.

पुढचे दिवस चांगले गेले. बाबा रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडत आणि ठरल्या वेळी परत येत. "झाला का शेक?" विचारलं की मान हलवत. हळूहळू त्यांचा घसा निवळला. पेजेचा भात झाला, भाताची मऊ पोळी झाली. आई म्हणाली, शरीराला शेकाची सवय झाली असेल. मीही तेच म्हणाले. मी, जी लॅबमध्ये एक आकडा विचित्र आला तर सगळा प्रयोग पुन्हा करायची, तिने घरात घसा आपोआप बरा होताना बघितला आणि एकही प्रश्न विचारला नाही.

मग एका रविवारी मी गॅलरीत सालं उचलायला गेले. दोरीवर बाबांचा पांढरा पंचा वाळत होता. त्याच्या मधोमध हळदीसारखा, पण हळदीचा नव्हे असा लख्ख पिवळा डाग होता. तो रंग मी झोपेतही ओळखला असता. अर्कात फ्लॅव्होनॉइड आहे का, हे बघायची एक साधी परीक्षा असते. अल्कलीचा थेंब टाकायचा, फिकट अर्क गडद पिवळा होतो. मग आम्ल टाकायचं, पिवळा उतरतो. बाबा आपले कपडे स्वतः धूत आणि धुण्याचा सोडा, म्हणजे अल्कलीच, हात सैल सोडून वापरत.

मी स्वयंपाकघरात जाऊन लिंबू कापलं आणि अर्धी फोड पंच्यावर पिळली. मागून आई ओरडली, "अगं, धुतलेल्या कपड्यावर लिंबू काय पिळतेस?" डोळ्यांदेखत पिवळा रंग उतरला.

बाबा आत वर्तमानपत्र वाचत होते. मी पंचा त्यांच्यापुढे धरला. "बाबा, यातून काय गाळलं?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. मान हलवणं हे त्यांच्या हिशेबी खोटं बोलणं नव्हतं बहुतेक. त्यांनी चष्मा काढला. "काढा. तुझ्या सालांचा. दोन वेळा घेतो."

"आणि शेक?"

"तो बंद केला. आज अकरा दिवस झाले. त्या वेळात मी मांजरीला जातो, ताजी सालं आणतो." मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "घसा बघ ना किती सुधारला. शेकाने जाळलं होतं, तुझ्या औषधाने बरं केलं."

"ते औषध नाहीये!" मी इतक्या जोरात ओरडले की आई लाटणं हातात घेऊन धावत आली. "घसा सुधारला कारण शेक थांबला! गाठ तिथेच आहे! प्लेटमधल्या पेशी मीठ टाकलं तरी मरतात, बाबा. फिनाईल टाकलं तरी मरतात. उद्या फिनाईल प्याल का? हा काढा पोटातून रक्तात जेमतेम पोचतो, पोचेपर्यंत शरीर त्याचं रूप बदलून टाकतं. माणसात काय होतं ते मला माहीत नाही. कुणालाच अजून नीट माहीत नाही!"

बाबांचा आवाज आधीच फाटलेला होता, तो आणखी खाली गेला.

"मग तू मला पेढा काहून दिलास?"

पुण्यात चाळीस वर्षं राहून बाबांची भाषा पेठेतल्या माणसासारखी झाली होती. भंडाऱ्याचं 'काहून' फार खोल लागलं तरच बाहेर यायचं. आईने लाटणं टेबलावर ठेवलं आणि ती खाली बसली.

मग बाबाच म्हणाले, "वैदूने सांगितलं असतं तर मी त्याला शंभर प्रश्न विचारले असते. तू सांगितलंस, म्हणून विचारले नाहीत. जन्मात एकदाच न पडताळता मानलं."

दुसऱ्या दिवसापासून मी लॅब बुडवून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. डॉक्टर रागावले, आणि त्यांचं बरोबर होतं. मध्ये खंड पडायला नको होता, आता पुढचं बघू, एवढंच ते म्हणाले. बाबांनी राहिलेला सगळा शेक घेतला. घसा पुन्हा सोलवटला, पुन्हा पेज आली, आणि या वेळी ती रागाने गिळताना त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. सालं मात्र ते निवडत राहिले. "मला नको, तुला हवीत ना," म्हणाले. "रिजेक्ट" हा शब्द आता ते कुजबुजत म्हणायचे.

तीन वर्षांनी माझा प्रबंध पुरा झाला. बाबांनी तो हातात घेतला आणि थेट शेवटचं पान उघडलं. तिथे इंग्रजीत जे लिहिलं होतं ते त्यांनी मराठीत मोठ्याने वाचलं, "माणसांमधील परिणामासाठी अधिक संशोधनाची गरज आहे." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "इतकी पोती वाहिली आणि शेवटी हेच?"

"हेच खरं आहे, बाबा."

"मग बरोबर आहे. पास."

पदवीचे पेढे आणले तेव्हा त्यांनी हात पुढे करण्याआधी विचारलं, "हा कशाचा?" मी म्हणाले, "पदवीचा. औषधाचा नाही." त्यांनी पेढ्याचे दोन भाग केले, एक सावकाश खाल्ला आणि दुसरा माझ्यापुढे सरकवला. "हा ठेव. औषधाचा दिवस आला की देशील." मी तो खरंच वाटीत झाकून ठेवला. दोन दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या आणि आईने टाकून दिला.

त्यानंतर वर्षभराने गाठ परत आली आणि बाबा गेले. त्या अकरा दिवसांनी काही बिघडलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं एका माणसाबद्दल सांगता येत नाही. मला हे माहीत होतं. प्रयोगात आपण दोन प्लेट ठेवतो, एकीत द्रव्य घालतो, दुसरी तशीच ठेवतो, आणि मग तुलना करतो. बाबा एकच होते. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः कांदा सोलताना, आणि कांदा तर रोजच सोलावा लागतो.

आता मी स्वतः गाइड आहे. अजून सालं, अजून प्लेट, आणि काम पुढे सरकतं आहे, पण सावकाश. माझ्या लॅबच्या दारावर मी एक पाटी लावली आहे. 'येथे निकालाचे पेढे आणू नयेत. पेशी प्लेटमध्ये मेल्या, हे घरी पूर्ण वाक्यात सांगावे.' नवे विद्यार्थी पाटीचा फोटो काढतात, हसतात, मॅडम अगदी पुणेरी आहेत म्हणतात. मी त्यांना हसू देते.

मात्र औषधाचा दिवस आला, तर ती पाटी मी स्वतः उतरवणार आहे, आणि बाबांचा राहिलेला अर्धा पेढा घेऊन आधी घरी जाणार आहे.