उंदीर बरे आहेत

भोईर सर नसते, तर मी आज मुरबाडच्या आमच्या पाड्यावर ढोरं राखत असतो. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. सरांनी मला बीएस्सी केलं, शहापूरच्या आपल्या कॉलेजात प्रयोगशाळेत चिकटवलं. त्याच सरांशी मी जे केलं, ते दहा वर्षांत बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

किसन प्रयोगशाळेत आला, तिथून सुरुवात झाली. सिद्धगडाच्या पायथ्याचा, बारावी नापास. त्याची आई सांधेदुखीला रानहळद उगाळून द्यायची — नखाएवढी. सरांनी आणि त्याने तीच हळद स्पिरिटमध्ये भिजवून दाट अर्क काढला. मग रोज तेच — किसन म्हणतो, किसनला विचार. माझ्या घरी सर कधी जेवले नव्हते; त्याच्याकडे नाचणीची भाकरी खाऊन आले. आणि मी पदवीधर — माझं काम काय? उंदरांना अर्क पाजायचा.

सरांचे गुडघे दुखत. म्हणाले, "तुझे उंदीर धडधाकट राहिले, की पहिला घोट माझा."

तिसऱ्या आठवड्यात दोन उंदीर मेले. चिरून पाहिले — यकृत सुजलेलं, पिवळट. तेव्हाच धावत जायला नको होतं का? तेवढ्यात किसन दारात.

"काय रे मास्तर, काय बोलतात तुझे उंदीर?"

"बरे हायत."

"नाय, खरं सांग. आय बोलते, जास्त झाली तर अंगावर येते."

"बरे हायत बोललो ना!"

वहीतही तेच लिहिलं. आठ दिवसांनी सरांनी अर्काची बाटली उघडली, रोज घोट घेऊ लागले.

सरांचं जरा पोट बिघडेल, किसन उघडा पडेल — एवढंच मनात होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. त्याला जवळ केल्याचा सरांना पस्तावा व्हावा, हे मला हवं होतं.

दोन महिन्यांत सरांचे डोळे पिवळे झाले. सगळे किसनला 'भगत' म्हणून हिणवू लागले. तो गावी निघून गेला. सर वाचले, पण यकृत कायमचं अधू झालं. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं." मी हात सोडवला नाही.

गेल्या महिन्यात त्यांना पत्र टाकलं :

"सर, तुम्ही बाटली उघडलीत, त्याच्या आठ दिवस आधी दोन उंदीर मेले होते. वहीतली नोंद खोटी आहे. किसनने मला दोनदा विचारलं होतं. त्यालाही हे लिहून कळवलं आहे. अर्क घातक आहे हे मला कळलं नव्हतं, असं नाही. तुम्ही त्याच्या घरी जेवलात, ते मला बघवलं नाही."