आडवी मान

लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं तेव्हा मी नांदेडहून फिजिक्स शिकवायला आलो. माझा पाय एका जागी ठरत नसे. शिकवतानाही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या, हातात खडू, डोळा घड्याळावर. असल्या माणसाला आमच्या संचालकांनी एका शिबिराला बसवलं. पुण्याचे पाहुणे सांगून राहिले होते: मुलांच्या डोळ्यांत बघा, हाताची घडी घालू नका, समोरच्याची मान काय म्हणते ते वाचा. मला वाटलं, चला, आपल्याला माणसं वाचता येऊ लागली!

दुसऱ्याच दिवशी वाचायला सुरुवात केली. पहिल्या बाकावर निलंग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची एक मुलगी बसायची. लई अबोल. पहिल्या बॅचमध्ये टिकली तरच घरचे पुढं शिकवणार, नाहीतर लग्न, हे तिनं फॉर्म भरतानाच मला सांगितलं होतं. मी तिच्या डोळ्यांत बघून विचारायचो, "कळलं का?" ती खाली बघायची आणि मान या खांद्याकडून त्या खांद्याकडं हलवायची. मी परत सांगायचो. परत तेच. तिसऱ्यांदा माझं डोकं सणकायचं. "अगं, कळत न्हाई तर तोंड उघड की!" अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. वहीत तिची गणितं बरोबर असायची, तर मी म्हणायचो, शेजारणीचं बघून लिहिती. दोन आठवड्यांत मी तिला खालच्या बॅचला टाकलं.

तिचे वडील आले. ऑफिसात खुर्ची दिली तर बसेनात, दारातच उभे. मला वाटलं, रागावलेत. मी घाईघाईत म्हणालो, "चहा घेता का?" त्यांनी मान हलवली, अगदी तिच्यासारखी. मी शिपायाला म्हटलं, "राहू दे, नको म्हणतात."

शिपाई उदगीरचा. तो हसला. "सर, हाव, म्हणजे हो म्हणून राहिलेत ते. आमच्या भागात हाव असंच म्हणतात. आणि रागबिग काही न्हाई, भूकंपातले हायेत. स्लॅबखाली बसवत न्हाई त्यांना."

मी रोज विचारत होतो, आणि ती पोरगी रोज मला हाव म्हणत होती! आमच्याच जिल्ह्यात देगलूरकडंही अशा माना हलतात. मी नांदेडचा, मला हे कसं सुचलं न्हाई? शिबिराची लाज वाटली, त्याहून जास्त स्वतःची.

"पोरगी कुठंय?" मी विचारलं.

"स्टँडवर. सामान घेऊन बसलीय. न्यायलाच आलोय तिला," वडील म्हणाले.

चहा राहिला, तास राहिला. वडिलांना स्कूटरवर मागं बसवलं आणि वाटेतच त्यांची माफी मागितली. पहिल्या बॅचला घेतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग राहू द्या की." निलंग्याची गाडी लागलेली होती. ती ट्रंकेवर बसली होती. धापा टाकत मी तिला सगळं सांगितलं: चूक माझी, पहिल्या बॅचचा बाक तुझाच, वडील तयार हायेत.

"येतीस ना परत?"

तिनं मान हलवली, या खांद्याकडून त्या खांद्याकडं. मला इतका आनंद झाला की मी लगेच ट्रंक उचलायला वाकलो.

तिनं ट्रंकेची कडी धरून ठेवली.

"न्हाई म्हणून राहिले, सर," ती म्हणाली. "तुमच्याकडल्यासारखं."