निरंक लिहिलेला रकाना

मशीन बंद पडलं नव्हतं. ऑपरेटरने ते बंद करून ठेवलं होतं, कारण त्याच्या पुढ्यात सव्वाशेक मेंढरं बसली होती.

जुलैचा महिना होता. माण तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानावर, म्हणजे जनावरं चरायला राखलेल्या सरकारी जमिनीवर, सोलर प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं. पॅनेल बसवायचे लोखंडी खांब जमिनीत ठोकणारं ते मशीन. प्रोजेक्ट मॅनेजर जगतापांचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण नेहमीचा ‘नमस्कार’ही नव्हता.

“मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की इथं कुणीच चारत नाही. मग ही मेंढरं कुणाची?”

मी मिरजेत घरी होते. पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली. अडीच तासांचा रस्ता, पण त्या दिवशी तो मला फार लांब वाटला.

माझं काम सर्व्हेचं. वीज खात्यात पंधरा वर्षं काढून मी स्वतःचं छोटं ऑफिस टाकलं. एखाद्या जागेवर सोलर प्रकल्प बसेल का, हे आम्ही आधी जाऊन बघतो. उतार किती, खडक किती, सबस्टेशन किती लांब. अलीकडे त्यात आणखी एक भाग आलाय. कोळशाची वीज कमी करून उन्हाची वाढवायची, शेतकऱ्याला दिवसा पाणी पाजता यावं म्हणून गावाजवळच प्रकल्प उभारायचा, पण हे करताना कुणाच्या पोटावर पाय येऊ द्यायचा नाही, असं धोरण आहे. कागदावर त्याला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. ट्रेनिंगमध्ये हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी शेजारणीला विचारलं होतं की हे पंचांगातलं आहे का. तर त्यासाठी फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘बाधित होणारी उपजीविका’. या जागेसाठी त्यात मी एकच शब्द लिहिला होता, ‘निरंक’. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही.

आणि मी तो घरबसल्या लिहिला नव्हता, हेही सांगून टाकते. जानेवारीत दोनदा आणि फेब्रुवारीत एकदा मी त्या माळावर स्वतः फिरले होते. ड्रोन उडवला होता. वाळलेलं कुसळ, खडक आणि वारा. माणूस नाही, जनावर नाही. माझ्या कामात चूक काढायला लोकांना भिंग लागतं, असा माझा तोपर्यंत समज होता.

माळावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. मेंढरं मशीनच्या सावलीत निवांत रवंथ करत होती. त्यांच्यामध्ये एक साठीची बाई बसलेली, हातात काठी, पायात जाड टायरच्या वहाणा. त्या साळूबाई. त्या मोर्चा घेऊन आल्या नव्हत्या की घोषणा देत नव्हत्या. त्यांची मेंढरं दर वर्षी दुपारची याच ठिकाणी बसतात, म्हणून बसली होती. या वर्षी तिथे मशीन होतं, एवढाच काय तो फरक.

मी ओळख सांगितली. जानेवारीत येऊन गेल्याचं सांगितलं. तेव्हा हे रान रिकामं होतं, असंही म्हणाले.

त्या म्हणाल्या, “रिकामं म्हंजे काय वं बाई? धनी गावाला गेला म्हणून घर रिकामं व्हतंय व्हय?”

मग त्यांनीच सगळं सांगितलं. दिवाळी झाली की त्यांच्या वाडीतली सात घरं मेंढरं घेऊन खाली कऱ्हाड, पाटणकडे उतरतात. तिकडे ऊस तुटलेला असतो. मोकळ्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्यांना लेंडीखत मिळतं, यांना धान्य मिळतं. पुढे काही घरं घाट उतरून कोकणात जातात. पाऊस लागायच्या आत सगळी परत माणात, कारण तिकडच्या पावसात मेंढराची खुरं कुजतात. इथे पाऊस थोडाच, पण तेवढ्यावर या माळाला गवत येतं. ते चार महिने याच गवतावर काढायचे.

“आणि इथं कुंपण पडलं तर?” मी विचारलं.

“मग इकायची,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय करनार? मेंढरू काय पेपर खात न्हाई.”

त्यांनी हे रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या बोलता बोलता एका कोकराच्या पायातला काटा काढत होत्या.

गाडीत बसून मी लॅपटॉपवर जानेवारीचे फोटो उघडले. तिसऱ्याच फोटोत खाली कोपऱ्यात वाळलेल्या लेंड्या पसरलेल्या दिसत होत्या. मागे गुडघाभर उंचीच्या दगडांची अर्धगोल रांग होती. कोकरांना वारा लागू नये म्हणून केलेला तो आडोसा. रिपोर्टमध्ये मी त्याला ‘जुने दगड’ म्हटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पुरावा माझ्याच कॅमेऱ्यात होता आणि त्याच्याखाली सही माझी होती.

राग कुणावर तरी काढायचा म्हणून मी सरपंचांकडे गेले. तुम्ही मला सांगितलं का नाही, असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमी इचारलं, घर हाय का, झाड हाय का, हीर हाय का. न्हाई म्हणालो. मेंढरं दिवाळीनंतर जात्यात, हे काय सांगायचं असतंय? सगळ्यास्नी ठावंच हाय.”

त्यात खोट नव्हती. जे सगळ्या गावाला माहीत असतं ते कुणीच सांगत नाही, आणि परक्याला ते विचारायचं सुचत नाही. प्रकल्पाला जागा द्यायचा ग्रामसभेचा ठरावही जानेवारीतच झालेला. सातही घरं तेव्हा उसाच्या रानात होती.

जगताप साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात वाट बघत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यावर तारखेची टांगती तलवार होती, ठरलेल्या दिवसाआत प्रकल्प उभा राहिला नाही तर मंजुरी जाणार. त्यांनी मार्ग काढून ठेवला होता. मी एक पुरवणी पत्र द्यायचं: ‘सदर मेंढपाळ हे जागेवर कायमस्वरूपी वास्तव्यास नाहीत.’ बस, एवढंच.

“यात खोटं काहीच नाही, मॅडम. तुमचा रिपोर्टही शाबूत राहतो.”

खरं सांगते, मला मोह झाला. वाक्य खरं होतं. त्याच्याखाली सही केली असती तर मला कुणी काही म्हणालं नसतं. उलट रिपोर्ट बदलायचा म्हणजे ‘माझा सर्व्हे अपुरा होता’ असं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं. या धंद्यात असं पत्र देणाऱ्याला लोक पुढच्या कामाला बोलवत नाहीत.

ते पत्र मी दोनदा वाचलं. मग मला आठवलं की जगताप कऱ्हाडजवळचे. घरचा ऊस, वडील फौजेतून आल्यावर शेती बघायचे. प्रवासात एकदा त्यांनीच सांगितलं होतं.

मी विचारलं, “साहेब, तुमच्या रानात मेंढरं बसायची का हो?”

“दर वर्षी. लहानपणी आम्ही कोकरं उचलून घ्यायला पळायचो. का?”

“ती पावसाळ्यात कुठं जायची?”

जगताप उत्तर द्यायला गेले आणि थांबले. खिडकीतून साळूबाईंची मेंढरं दिसत होती. मग पुरवणी पत्राचा कागद त्यांनीच घडी घालून खिशात टाकला.

“काय करता येईल ते सांगा,” ते म्हणाले. “प्रकल्प हलवा म्हणू नका फक्त.”

प्रकल्प हलवायचा नव्हताच. त्याच्या विजेवर गावातल्या शेतकऱ्यांच्या विहिरी दिवसा चालणार होत्या, तेही लोक माणातलेच. प्रश्न एवढाच होता की मेंढरू आणि पॅनेल एका रानात नांदतील का.

इथे जगतापांचीच एक अडचण कामाला आली. पॅनेलखाली पावसाळ्यात गवत वाढतं. उंच झालं की पॅनेलवर सावली पाडतं, वीज कमी होते. दिवाळीनंतर वाळलं की आगीची भीती. ते कापायला माणसं लागतात, आणि इथली कापणारी माणसं मुंबईला. मेंढरू हे काम फुकटात करतं. फक्त पॅनेलची खालची कड गुडघ्याइतकी उंच ठरवलेली होती, ती हातभर वर घ्यावी लागणार होती. जिथे खांब ठोकून झाले होते तिथे ते शक्य नव्हतं. उरलेल्या बऱ्याच ओळींमध्ये होतं. दगडांच्या आडोशाची आणि पाणवठ्याची पट्टी कुंपणाबाहेर सोडायची, केबल पाइपातून जमिनीखाली घ्यायची, असं ठरत गेलं.

जगतापांनी एकच अट घातली. मेंढरं चालतील, शेळ्या नाहीत. शेळी पॅनेलवर चढते आणि केबल कुरतडते. त्यांचं म्हणणं रास्त होतं.

साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “शेरडाबिगार मेंढरं चालायची न्हाईत.”

कळपात दहा-बारा शेळ्या असतातच. आई मेलेल्या कोकराला शेळीचं दूध मिळतं. आम्ही म्हणालो, शेळ्या बाहेरच्या पट्टीत त्यांच्या सुनेजवळ राहतील. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मला वाटलं, सवयीमुळे म्हणताहेत. मी मान डोलावली आणि कागदावर ‘शेळ्यांना मनाई’ असं लिहून घेतलं. दुधानं तोंड भाजलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. मी तेही केलं नाही.

सुधारित रिपोर्ट मी लिहिला. ‘निरंक’ खोडून सात कुटुंबं लिहिली, आणि खाली लिहिलं की आधीचा सर्व्हे फक्त हिवाळ्यात केल्यामुळे अपुरा होता. ते वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. मंजुरी यायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात मशीन दुसऱ्या बाजूला काम करत राहिलं आणि मेंढरं या बाजूला चरत राहिली.

सप्टेंबरात पहिल्या भागाचं गेट उघडलं. वरच्या ऑफिसातून दोघं बघायला आले होते, जगताप इस्त्रीचा शर्ट घालून. आत पोटरीभर हिरवं गवत. शेळ्या सुनेजवळ बाहेर. साळूबाईंनी हाळी दिली. मेंढरं गेटापर्यंत आली आणि थांबली. गवत समोर दिसत होतं, तरी एकही पाऊल आत पडेना. चमकणारे पॅनेल त्यांनी जन्मात बघितले नव्हते. जगतापांनी मागून हाकायला सांगितलं, तशी मेंढरं गोल फिरून पुन्हा शेळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. साळूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

“आना एक,” शेवटी जगतापच म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून कऱ्हाडची भाषा मी पहिल्यांदा ऐकली.

साळूबाईंनी एका काळ्या शेळीच्या गळ्यात दोरी घातली, टोक हाताला गुंडाळलं आणि तिला घेऊन गेटातून आत गेल्या. शेळी गेली तशी सगळी मेंढरं एकामागोमाग आत गेली आणि पॅनेलखाली मान घालून चरायला लागली. जगतापांना हसू आवरेना. मलाही इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

आज त्या प्रकल्पाच्या करारात एक कलम आहे: ‘मेंढ्यांसोबत एक शेळी, दोरीने धरलेली, आत सोडण्यात यावी.’ वरून विचारणा झाली होती की ही टायपिंगची चूक आहे का. नाही म्हणून कळवलं. साळूबाईंना मेंढरं विकावी लागली नाहीत. आधी खांब ठोकलेल्या ओळींत मात्र मेंढरं जात नाहीत, तिथलं गवत अजून माणसंच कापतात. माझ्या निरंकाची तेवढी निशाणी उरली आहे.

माझ्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवला: ‘बाकीच्या महिन्यांत ही जागा कुणाची?’ यंदा जानेवारीत शेजारच्या गावच्या माळाचं काम आलं. तो माळही तसाच रिकामा असणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आधी कऱ्हाडला गेले. तुटलेल्या उसाच्या रानात साळूबाईंचा तळ होता. त्यांनी चुलीवर चहा ठेवला आणि त्या माळावर पावसाळ्यात कोण कोण असतं ते एकेक करून सांगितलं. नऊ घरं निघाली. मी ती रकान्यात लिहिली. या वेळी चहा पिऊनच उठले.